पाठ धरली आहे, मालिश कोणती करावी? नागपूरकरांनो, सांगा बाप्पा

कूलरची_टाकी

नमस्कार मंडळी. वय ४३, राहणार मनीष नगर, नोकरी मिहानमध्ये, म्हणजे दिवसाचे नऊ तास खुर्चीत. गेल्या दोन महिन्यांपासून कमरेच्या वर उजवीकडे आणि मानेच्या मुळाशी सतत ओढल्यासारखं होऊन राहिलं आहे. सकाळी उठताना आधी कुशीवर व्हावं लागतं, मग हात टेकवून उठायचं. बायकोने लग्नाच्या वाढदिवसाला एका स्पाचं कूपन दिलं. तिथे गेलो तर रिसेप्शनवरच्या मुलीने हातात रेट कार्ड ठेवलं. स्वीडिश, डीप टिश्यू, बालीनीज, थाई ड्राय, अरोमा, हॉट स्टोन, शियात्सू, रिफ्लेक्सॉलॉजी, अभ्यंग. एवढे प्रकार तर सावजीच्या मेनूतही नसतात. मी म्हणालो, पाठ दुखते. ती म्हणाली, सर कुठलंही घ्या, सगळ्यात रिलॅक्स वाटतं. मी काहीच न घेता परत आलो. कूपन अजून खिशात आहे.

आई म्हणते पैसे कशाला घालवतो, महाल भागातल्या मालिशवाल्या काकांना बोलाव. वडील म्हणतात काशाची वाटी काढ. ऑफिसातला एकजण म्हणतो मान मोडून घे, कट्ट आवाज आला की मोकळा होशील. आता तुम्ही सांगा. यात खरा फरक काय असतो, की नुसती नावं वेगळी?

तर्री_कमी

मे महिन्यात नागपुरात हॉट स्टोनला पैसे? दुपारी दोन वाजता गच्चीवर उताणे झोपा, फुकटात होते. दिवे घ्या.

फिजिओ_ताई

मी फिजिओथेरपिस्ट आहे, धंतोलीत बसते. आधी मालिश बाजूला ठेवून चार प्रश्न. पायात मुंग्या येतात का, पाय बधिर होतो का? लघवी किंवा शौचावरचा ताबा कमी झाल्यासारखं वाटतं का? रात्री झोपेतून उठवेल इतकं दुखतं का? ताप किंवा कारण नसताना वजन कमी होणं? यातलं एकही उत्तर हो असेल तर कुठल्याही टेबलावर झोपायच्या आधी डॉक्टर गाठा. ताबा गेल्याची तक्रार असेल तर त्याच दिवशी.

कूलरची_टाकी

ताई, चारही नाही. फक्त आखडतं. संध्याकाळी जास्त.

फिजिओ_ताई

मग निवांत बोलू. नावं अनेक असली तरी हात शरीरावर मोजक्याच गोष्टी करतो. लांब सरकवतो, मळतो, घासतो, थोपटतो, कंप देतो, एका जागी दाबून धरतो आणि ओढून ताणतो. यातल्या पहिल्या पाच म्हणजे तुमचं स्वीडिश. गंमत अशी की या पाच हालचालींची नावं फ्रेंच आहेत आणि त्या नीट बसवून दिल्या योहान मेत्सगर नावाच्या डच डॉक्टरने. श्रेय मात्र बरीच वर्षं स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंगला मिळालं, ज्याने १८१३ साली स्टॉकहोमला व्यायामाची संस्था काढली होती. खुद्द स्वीडनमध्ये याला स्वीडिश म्हणतच नाहीत, 'क्लासिक मसाज' म्हणतात. तेल लावून, चादरीने अंग झाकून, जो भाग करायचा तेवढाच उघडा ठेवून करतात. पहिल्यांदाच जाणाऱ्याला, झोप नसलेल्याला, टेन्शनवाल्याला हे बरं.

डीप टिश्यू म्हणजे जोरात केलेलं स्वीडिश नव्हे. जोर असतो, पण वेग फार कमी असतो. अंगठा किंवा कोपर एका जागी ठेवून स्नायू सैल होईपर्यंत थांबायचं. जो माणूस पहिल्या मिनिटाला कोपर खुपसतो, त्याला ते येत नाही असं खुशाल समजा. दुसऱ्या दिवशी अंग ठणकतं, ते एखाद-दोन दिवसांत जातं. निळे डाग पडले तर ते चांगलं झाल्याचं लक्षण नाही.

तुमच्या मानेच्या मुळाशी जी गाठ लागते ना, तिला आम्ही ट्रिगर पॉइंट म्हणतो. दुखण्याचं मूळ एका जागी आणि ठणका दुसऱ्या जागी, हा तिचा स्वभाव. खांद्यावरची गाठ दाबली की कानशिलात कळ जाते. हे नकाशे काढणाऱ्या डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल, ज्या पुढे अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या डॉक्टर झाल्या. केनेडींची पाठ जन्मभर दुखत होती, हे त्यांच्या फोटोंवरून कळत नाही.

लाल_माती

भाऊ, मी महालातला. तरुणपणी आखाड्यात होतो, आता पोट्ट्याइले शिकवतो. आमच्या टायमाले मालिश म्हणजे ऐश नोहे, ते काम होतं. जोर-बैठका झाल्या का एकानं झोपायचं, दुसऱ्यानं रगडायचं, मंग पाळी बदलायची. रगडणाऱ्याचाच घाम जास्त निघे. वस्ताद म्हणत, मालिश करणाऱ्याचेच दंड भरतात. माती पण साधी नसे, तिच्यात हळद, ताक, तेल मुरवलेलं असे. ते अंगाले लागे, तेबी एक प्रकारची मालिशच.

आमच्यात नियम होता. मांडी-पोटरी खालून वर, हृदयाच्या दिशेनं. सांध्यावर गोल. मणक्याच्या हाडावर कधीच नाही, दोन्ही बाजूनं. हे कोणत्या पुस्तकात आहे मले ठाऊक नाही, पण ताई जे सांगून राहिली ते ऐकून वाटलं का वस्तादाले सगळं माहीत होतं.

आणि ते मान मोडणं. आखाड्यात कोणी कोणाची मान मोडत नसे. न्हाव्याच्या दुकानात मोडतात, आखाड्यात नाही. ईचार करा काहून.

रातपाळी_सिस्टर

लाल_माती दादांना शंभर वेळा अनुमोदन. मानेच्या मणक्यांतून मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या जातात. झटका देऊन मान फिरवली तर त्यांच्या आतल्या अस्तराला चीर जाऊ शकते, तिथे गुठळी होते आणि लकवा मारतो. रोज घडत नाही, पण घडतं. ज्याच्यावर घडतं तो बहुधा पस्तीस-चाळिशीचा धडधाकट माणूस असतो. दाढी करा, चंपी करा, मानेला हात लावायला लागला की म्हणा, राहू दे भाऊ.

दुसरं. एकाच पोटरीला सूज, गरम लागणं, दाबल्यावर दुखणं, आणि आधी लांबचा प्रवास किंवा ऑपरेशननंतर अंथरुणावर पडून राहणं. ही पोटरी चोळायची नाही. शिरेत गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाते. आमच्याकडे येतात तेव्हा घरचे सांगतात, दोन दिवस तेल लावून रगडत होतो.

आणि तिसरं आपल्या विदर्भाचं, म्हणून मुद्दाम लिहिते. आमच्या गल्लीतलं एक लेकरू, दीड-दोन वर्षांचं. हातापायाची बोटं सुजायची, रात्रभर रडायचं. आजी म्हणायची वात आहे, मालिश करा. महिनाभर मालिश चालली. शेवटी तपासलं तर सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार. आपल्याकडे सिकलसेल किती घरांत आहे ते सगळ्यांना माहीत आहे, तरी लेकराचे हातपाय दुखले की पहिल्यांदा तेलाची वाटीच आठवते. कोमट हाताने हलकं चोळल्याने लेकराला बरं वाटतं, त्यात चूक नाही. पण आधी रक्त तपासा. सरकारी दवाखान्यात होते.

कूलरची_टाकी

सिस्टर, हे माहीत नव्हतं. ऑफिसातल्या कट्टवाल्याला तुमचा प्रतिसाद पाठवला.

तीळतेल

वैद्य आहे, शिक्षण सक्करदऱ्याच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयातलं. अभ्यंगाबद्दल थोडं लिहितो, कारण रेट कार्डवर तो शेवटी असतो आणि आपल्या घरात मात्र तो पहिला. वर्षातून एकदाच, दिवाळीच्या पहाटे, ती गोष्ट वेगळी.

आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट, त्याने अभ्यंग दिनचर्येत घातला आहे, उपचारात नंतर. म्हणजे दात घासण्यासारखा रोजचा. त्यातही डोकं, कान आणि तळपाय यांना विशेष करून करा, असं तो म्हणतो. आणि कोणी करू नये तेही सांगतो: कफ वाढलेल्याने, अपचन झालेल्याने, नुकतंच शोधन म्हणजे पंचकर्मातली शुद्धी झालेल्याने. म्हणून रात्री तर्री-पोहे आणि सकाळी अभ्यंग असं करू नका.

अभ्यंगात जोर दुय्यम, तेल मुख्य. कोमट तेल, लांब हाडांवर लांब हात, सांध्यांवर गोल, मग थोडा घाम येईल असा शेक, मग कोमट पाण्याने अंघोळ. आखडलेपणात तीळतेलासारखं दुसरं नाही. पण नागपूरच्या मे महिन्यात ते सोसत नाही, तेव्हा खोबरेल बरं. डिसेंबरात पारा दहाच्या खाली जातो तेव्हा पुन्हा तीळतेल. पुण्या-मुंबईचे सल्ले इथे जसेच्या तसे चालत नाहीत, आमच्या दोन ऋतूंत तीस-पस्तीस अंशांचं अंतर असतं.

वजन, चरबी, जडपणा अशी तक्रार असेल तर तेल नको, कोरडं चूर्ण उलट्या दिशेने चोळायचं, ते उद्वर्तन. दिवाळीचं उटणं त्याच घराण्यातलं. सांधे दुखत असतील तर औषधी पुरचुंडी तेलात गरम करून शेकतात, ती केरळातली किझी. तिथेच कळरी या युद्धकलेच्या परंपरेत वर बांधलेला दोर धरून पायाने मालिश करतात. बघायला भीती वाटते, पण पायाच्या तळव्याचा दाब हाताच्या अंगठ्यापेक्षा पसरट असतो, त्यामुळे टोचत नाही.

तर्री_कमी

वैद्यबुवा, बाकी ठीक. पण "विषारी द्रव्यं बाहेर पडतात" हे तुमच्या लोकांनी किती दिवस सांगायचं? काशाच्या वाटीने पाय काळे होतात आणि लोक म्हणतात बघा उष्णता निघाली. मी एकदा वाटी तूप लावून उलट्या परातीवर घासली. परातीचीही उष्णता निघाली!

तीळतेल

हा हा. परातीला झोप लागली का तेवढं सांगा.

खरंच सांगतो, मी पेशंटला असं सांगत नाही. कासं म्हणजे तांबं आणि कथील. तूप, घाम आणि घर्षण झालं की धातूचाच काळपटपणा येतो. पण माझ्या प्रॅक्टिसमध्ये रात्री नीट झोप न लागणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना पादाभ्यंगाने जी झोप लागते, ती रंगाशिवायही लागते. तेवढं मला पुरे.

फिजिओ_ताई

आमच्याकडची तीच भाकडकथा म्हणजे लॅक्टिक ॲसिड. "गाठीत ॲसिड साठलंय, मसाजने निघेल." व्यायामाने वाढलेलं लॅक्टेट तासाभरात आपोआप खाली येतं, त्याला कोणाच्या अंगठ्याची गरज नसते. मालिशने जे होतं ते मुख्यतः मज्जासंस्थेत होतं. स्नायूचा ताठरपणा कमी होतो, दुखण्याचा आवाज मेंदूत थोडा बारीक होतो, श्वास खोल जातो, झोप येते. कमरेच्या जुन्या दुखण्यात काही दिवस ते काही आठवडे आराम मिळतो, पुढे व्यायाम नसेल तर दुखणं परत येतं. हे ऐकायला कमी वाटतं, पण त्या दोन आठवड्यांत माणूस व्यायामाला तयार होतो. माझ्यासाठी मालिशचा उपयोग तेवढाच, आणि तो मोठा आहे.

धम्मयात्री

थाईबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. बुद्धिस्ट सर्किटच्या टूरमध्ये थायलंडला गेलो होतो, आमच्या बसमध्ये अर्धे लोक इंदोरा आणि रामेश्वरीचे. बँकॉकला वाट फोला ४६ मीटर लांबीची निजलेली बुद्धमूर्ती आहे, आणि त्याच विहारात मालिशची जुनी शाळा. भिंतींवर दगडी पाट्या, त्यांवर माणसाच्या अंगावरच्या रेषा आणि ठिपके कोरलेले. गाईडने सांगितलं, आमच्या या विद्येचे आदिगुरू शिवागो कोमारपाज. मी दोनदा विचारलं. अहो, आपला जीवक! बिंबिसाराचा राजवैद्य, बुद्धाचा उपचार करणारा, तक्षशिलेला शिकलेला. औषधी गुण नाही अशी एक वनस्पती आण, असं गुरूने सांगितल्यावर रिकाम्या हाताने परत आलेला तोच जीवक. थाई मालिशवाले त्याला नमस्कार करून काम सुरू करतात. दरवर्षी १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीला जाणाऱ्या माणसाला तिथे काय वाटलं असेल बघा.

बरं, मालिश. तेल नाही, टेबल नाही. जमिनीवर गादी, ढगळ सुती कपडे त्यांनीच दिलेले. आधी पायापासून तळहाताने दाबत वर, मग तुम्हाला धरून वाकवणं, ओढणं, पिळणं. आळशी माणसाचा योगासनाचा वर्ग म्हणा, आसन तुम्ही करायचं नाही, दुसरा तुमच्याकडून करवून घेतो. माझी मालिश करणारी बाई चाळीस किलोची असेल, पण तिने गुडघ्याने जो दाब दिला तो आमच्या बसचा ड्रायव्हरही देऊ शकला नसता. २०१९ मध्ये युनेस्कोने नुआद थाईला मानवी वारशाच्या यादीत घेतलं. खुर्चीत आखडलेल्या माणसाला माझं मत थाईच. फक्त स्लिप डिस्क, गुडघ्याचं ऑपरेशन, ठिसूळ हाडं असतील तर आधी सांगायचं, नाहीतर पिळताना पंचाईत.

फावल्या_वेळात

थोडं अवांतर. शाम्पू हा शब्द आपल्या चंपीचा. मूळ हिंदीतलं चाँपना, म्हणजे दाबणं. पाटण्याचे शेख दीन मुहम्मद यांनी १८१० साली लंडनमध्ये भारतीय जेवणाचं हॉटेल काढलं, ते बुडालं, मग ब्रायटनच्या समुद्रकाठी वाफेचं स्नान आणि चंपी सुरू केली. ती इतकी चालली की राजा चौथ्या जॉर्जने त्यांना आपला 'शाम्पूइंग सर्जन' नेमलं. केस धुण्याशी तो शब्द नंतर जोडला गेला. म्हणजे सीताबर्डीत खुर्चीवर बसून चंपी घेता तेव्हा तुम्ही राजेशाही उपचार घेऊन राहिले आहात.

शियात्सूचं राहिलं. शि म्हणजे बोट, आत्सू म्हणजे दाब. जपानचं, कपड्यांवरून, तेलाशिवाय, अंगठ्याने नेमक्या जागी काही सेकंद दाबून धरायचं. त्याची शाळा तोकुजिरो नामिकोशी यांनी काढली. तळपायाचं रिफ्लेक्सॉलॉजी मात्र पूर्वेचं नाही, अमेरिकेतलं आहे. तिथल्या युनिस इंगहॅम नावाच्या बाईंनी १९३० च्या दशकात तळपायाचे नकाशे काढले.

फिजिओ_ताई

आणि त्या नकाशांप्रमाणे अंगठ्याखाली थायरॉइड, टाचेत कंबर वगैरे काही सापडलेलं नाही. पाय चेपून घ्यायला छान वाटतं, म्हणून घ्या. मधुमेहाने तळपाय बधिर असतील तर जोरात नको, जखम झाली तरी कळत नाही.

लोकरीचा_गुंडा

मी सहसा लिहीत नाही. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये माझ्या काखेतल्या गाठी काढल्या. सहा महिन्यांनी डावा हात सुजायला लागला, बांगडी चढेना. नात्यातल्या एक बाई मालिशवाल्या होत्या, त्यांनी प्रेमाने आणि सगळा जोर लावून हात चोळून दिला. दुसऱ्या दिवशी सूज वाढली. नंतर एका थेरपिस्टने जे केलं ते मालिश आहे हेच मला पटेना. तेल नाही, जोर नाही, बोटांनी फक्त कातडी हलकेच ताणायची आणि सोडायची. आधी मान, मग दुसरी काख, मग छाती, आणि हात सगळ्यात शेवटी. म्हणजे पुढचा रस्ता मोकळा करून मग पाणी सोडायचं. याला लिम्फ ड्रेनेज म्हणतात, १९३० च्या दशकात फोडर नावाच्या डॅनिश नवरा-बायकोने ते विकसित केलं. त्यावर पट्टी बांधतात, व्यायाम देतात. आता बांगडी चढते. डाव्या हातात नाही घालत, पण चढते.

फिजिओ_ताई

ताई, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. जोर लावला म्हणजे मालिश झाली, हा समज याच आजारात सगळ्यात महाग पडतो.

आजीचा_बटवा

बाळंतिणीची मालिश राहिलीच की! माझ्या दोन्ही बाळंतपणांना आई खामल्याहून एक मावशी लावायची, सव्वा महिना. सकाळी बाळ, मग मी. त्या मावशी पायाच्या पोटऱ्यांवरून हात फिरवायच्या तेव्हा मी बसल्या बसल्या झोपायची. ती तासभराची झोप, घरात दुसरं कोणी काही न मागणं, हेच अर्धं औषध होतं असं आता वाटतं.

पण काही गोष्टी मी सुनेच्या वेळी बंद केल्या. बाळाच्या नाका-कानात तेल घालणं बंद. बाळाची छाती पिळून दूध काढणं बंद, त्याने पू होतो. नाक चिमटीत धरून सरळ करणं आणि डोकं दाबून गोल करणं, तेही बंद. सुनेचं सिझर होतं, तर पोटाला हात नाही. बंद खोलीत शेगडीची धुरी नाही. मावशी आधी रुसल्या, म्हणाल्या मग राहिलं काय? मी म्हटलं, तुमचा हात राहिला ना.

मुक्काम_भंडारा

आमच्याकडे थंडीत मोहाच्या बियांचं तेल लावतात. हिवाळ्यात ते तुपासारखं थिजते, चुलीजवळ ठेवून पातळ करा लागते. वास उग्र येते, ज्याले सोसते त्यानंच लावावं. शेतावरून आलेल्या माणसाच्या पायाले याच्यासारखं काही नाही. स्पाच्या कार्डावर हे कधी येईल तेव्हा त्याले 'एक्झॉटिक महुआ' म्हणतील आन् तीन हजार घेतील.

कूलरची_टाकी

एक प्रश्न विचारायला अवघडल्यासारखं होतं. स्पामध्ये छापा पडल्याच्या बातम्या पेपरात येत असतात. चांगली जागा ओळखायची कशी?

रातपाळी_सिस्टर

अवघडू नका, सगळ्यांच्या मनात असते ते. बीपी, शुगर, रक्त पातळ करायची गोळी, ऑपरेशन, बायकांना गरोदरपण, हे आधी विचारतात ती जागा बरी. मालिश करणारी व्यक्ती पुरुष हवी की बाई, हे तुम्हाला ठरवू देतात. अंग झाकून ठेवतात. दुखलं तर सांगा असं स्वतःहून म्हणतात, आणि सांगितल्यावर हात हलका करतात. यातलं काही नसेल आणि रिसेप्शनवरची व्यक्ती "स्पेशल"बद्दल बोलायला लागली तर चप्पल घालायची आणि निघायचं.

कूलरची_टाकी

तीन आठवड्यांनी लिहितो आहे, उशिराबद्दल क्षमा.

आधी फिजिओकडे गेलो. निदान पाठीचं निघालंच नाही. दुसरा मॉनिटर उजवीकडे, त्यामुळे दिवसभर मान तिरकी, आणि मांडीच्या पुढचे स्नायू बसून बसून आखडलेले, ते कमर ओढून राहिले होते. मॉनिटर समोर आला. चार व्यायाम मिळाले, त्यातले तीन करतो. कूपनवर थाई घेतलं. सुरुवातीला त्यांनी गुडघा माझ्या कुशीत रोवला तेव्हा बायकोची आठवण झाली, कूपन तिचं. पण उठलो तेव्हा मान दोन्ही खांद्यांवरून मागे पाहू शकली, जे गाडी रिव्हर्स घेताना महिनाभर होत नव्हतं. आराम आठ-दहा दिवस टिकला, ताईंनी सांगितलं तसाच. मान मोडून घेतली नाही.

रविवारी आईच्या आग्रहाने महालातले काका आले होते. त्यांनी पाठीला हात लावून पहिला प्रश्न विचारला, "मणक्याचं काही ऑपरेशन झालं आहे का?" रेट कार्डवाल्या मुलीने विचारला नव्हता.

वडिलांची काशाची वाटी मात्र सापडत नाही. आई म्हणते तुझ्या बहिणीने लग्नानंतर नेली. बहीण म्हणते मी नाही नेली.

तर्री_कमी

इतवारीत भांडे बाजारात मिळून जाते. पण बहिणीला एकदा परत विचारा, या वाट्या अशाच जातात.